निरोपाचे आठवडे

जपानी भाषेत एक जुनी म्हण आहे. उडून जाणारा पक्षी मागचे पाणी गढूळ करीत नाही, असा तिचा अर्थ. जलाशयावर उतरलेले पाखरू निघून जाताना पाणी जसे स्वच्छ सोडून जाते, तसे माणसाने आपली जागा सोडताना मागे कोणतीही अस्ताव्यस्तता, कोणतेही देणे, कोणाच्याही मनात किंतु ठेवू नये, अशी शिकवण या म्हणीत आहे. शाळा, कचेरी, भाड्याचे घर, सहलीचा तंबू, कोणतेही स्थळ सोडताना जपानी मुलांना तिची आठवण करून दिली जाते.

परदेशातून येऊन जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या शिक्षकाच्या शेवटच्या काही आठवड्यांचे स्वरूप या म्हणीवरून चांगले ध्यानात येते. असा शिक्षक जपानमध्ये कसा येतो, नव्या भाषेशी आणि रीतिभातींशी कसा झुंजतो, यासंबंधी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो तेथून जातो कसा, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. वस्तुतः येण्यापेक्षा जाणे हे अधिक कष्टाचे काम असते. येताना त्याच्या वतीने सारी व्यवस्था दुसऱ्या कोणी तरी केलेली असते. जाताना ती त्याला स्वतः, एकेक गाठ सोडवीत, मोडावी लागते.

पूर्वसूरी

परदेशी शिक्षकाला ठराविक मुदतीच्या करारावर बोलावण्याची जपानची प्रथा जुनी आहे. १८६८ च्या मेइजी परिवर्तनानंतर नव्या शासनाने अभियंते, वैद्य, कायदेपंडित आणि अध्यापक यांना पाश्चात्त्य देशांतून मोठ्या वेतनावर पाचारण केले. मात्र हा खर्च कायमचा नसावा, परदेशी गुरूने आपली विद्या शिकवावी आणि त्याची जागा यथावकाश जपानी शिष्याने घ्यावी, असे धोरण प्रारंभापासूनच होते. म्हणजे या शिक्षकाच्या नेमणुकीतच त्याच्या जाण्याची तरतूद होती.

विल्यम स्मिथ क्लार्क यांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाचे ते अध्यक्ष होते. तेथून रजा घेऊन १८७६ च्या उन्हाळ्यात ते उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील साप्पोरो येथे आले आणि नव्या कृषी महाविद्यालयाची त्यांनी उभारणी केली. १६ एप्रिल १८७७ रोजी, जेमतेम साडेआठ महिन्यांनी, ते परत निघाले. विद्यार्थी आणि सहकारी घोड्यांवर बसून त्यांना पोचवायला शिमामात्सु या गावापर्यंत गेले. तेथे निरोप घेताना, मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले, असे सांगितले जाते. त्यांचे नेमके शब्द कोणते होते याविषयी पुढे वाद झाला; पण आजही जपानमधील शाळकरी मुलांना हे वाक्य ठाऊक असते. उचिमुरा कान्झो आणि नितोबे इनाझो हे या महाविद्यालयाचे नामवंत विद्यार्थी दुसऱ्या तुकडीतले, म्हणजे क्लार्क निघून गेल्यानंतर दाखल झालेले होते. क्लार्क यांचा प्रभाव त्यांच्यापर्यंत पोचला तो वरच्या वर्गातील मुलांकडून.

लाफकादिओ हर्न यांच्या वाट्याला दोन प्रकारचे निरोप आले. १८९० मध्ये ते जपान समुद्राच्या किनाऱ्याजवळील मात्सुए या गावी इंग्रजीचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि नोव्हेंबर १८९१ मध्ये कुमामोतो येथे जाण्यासाठी त्यांनी ते गाव सोडले. तेव्हाच्या निरोपाचे वर्णन त्यांच्या १८९४ मधील पहिल्या जपानविषयक ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात आहे. पुढे त्यांनी जपानी नागरिकत्व आणि कोइझुमी याकुमो हे नाव स्वीकारले. पण १९०३ मध्ये तोक्यो येथील शाही विद्यापीठाने त्यांना सेवामुक्त केले, तेव्हा विद्यार्थ्यांनी निषेध करूनही त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या अध्यापकांपैकी एक होते इंग्लंडहून शिकून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी, जे पुढे आधुनिक जपानचे श्रेष्ठ कादंबरीकार म्हणून ओळखले गेले. शिष्याने गुरूची जागा घ्यावी हे धोरण अशा रीतीने सफल झाले. ज्याची जागा गेली त्याच्या दृष्टीने मात्र ते सुखद नव्हते.

आजचा शिक्षक आणि त्याचा करार

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रथेला नवे आणि व्यापक रूप आले. १९८७ मध्ये जपान शासनाने परदेशी तरुणांना शाळांतून साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून नेमण्याची ‘जेट’ ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. पुढे देशांची संख्या वाढत गेली आणि आजवर या योजनेखाली जपानमध्ये राहून गेलेल्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली आहे. करार एका वर्षाचा असतो. उभयपक्षी संमती असल्यास तो वाढविता येतो, परंतु सामान्यतः पाच वर्षांच्या पलीकडे नाही.

करार वाढवावयाचा की नाही याचा निर्णय शिक्षकाला हिवाळ्यातच कळवावा लागतो. त्यामुळे आपण जाणार हे त्याला सुमारे सहा महिने आधी ठाऊक असते. विद्यार्थ्यांना मात्र ते बहुधा अगदी शेवटी सांगितले जाते. हा मधला काळ थोडा चमत्कारिक असतो. एप्रिलमध्ये नवे शालेय वर्ष सुरू होते, नवी मुले वर्गात येतात, आणि त्यांची नावे पाठ करीत असतानाच आपण त्यांना तीन-चार महिनेच शिकविणार आहोत याची शिक्षकाला जाणीव असते.

पहिले सत्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास संपते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कराराची मुदत संपते. अखेरचे आठवडे अशा रीतीने जपानमधील पावसाळ्याच्या शेवटी, दमट उकाड्यात येतात. या काळात शाळेचे काम कमी होत नाही. सत्रान्त परीक्षा, वह्या तपासणे, शरद ऋतूतील इंग्रजी वक्तृत्वस्पर्धेसाठी मुलांची तयारी, हे सारे चालू असते. ज्या स्पर्धेला आपण हजर नसणार, तिच्यासाठी शिक्षक विद्यार्थ्यांचे उच्चार घोटून घेतो आणि मागाहून ऐकता यावे म्हणून भाषणे ध्वनिमुद्रित करून ठेवतो. बऱ्याच शिक्षकांकडे एकापेक्षा अधिक शाळा असतात. त्यामुळे निरोपही एकदा नव्हे, तर चार-पाच वेळा घ्यावा लागतो.

कागदपत्रांचा गुंता

यानंतर येतो तो व्यवहाराचा भाग. यातील प्रत्येक काम साधे आहे. अडचण असते ती त्यांच्या क्रमाची. विजेचे शेवटचे देयक चुकते करायला बँकेचे खाते हवे. खाते बंद करायचे तर सारी देयके आधी चुकती झालेली हवीत. आणि शेवटचा पगार त्याच खात्यात जमा व्हायचा असतो. दूरध्वनी लवकर तोडला तर घरमालक, गॅसकंपनी आणि बँक यांच्याशी संपर्क कसा ठेवावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून अनुभवी शिक्षक महिनाभर आधी तारखांचा तक्ता करतात आणि सारी कामे शेवटच्या दिवसापासून उलट मोजत मागे आणतात.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी नगरपालिकेचे कार्यालय असते. जुलै २०१२ मध्ये परकीय नागरिकांच्या नोंदणीची जुनी पद्धत रद्द झाली आणि दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी माणसांचीही नोंद जपानी नागरिकांप्रमाणेच रहिवाशांच्या दप्तरात होऊ लागली. म्हणून देश सोडण्यापूर्वी स्थलांतराची सूचना देऊन या दप्तरातून नाव कमी करून घ्यावे लागते. ही नोंद करणे हे केवळ शिष्टाचाराचे काम नाही. कर, विमा आणि निवृत्तिवेतन यांचे पुढील सारे हिशेब या एका तारखेवर अवलंबून असतात.

कराच्या बाबतीत बऱ्याच शिक्षकांना शेवटी धक्का बसतो. जपानमधील रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जातो, आणि १ जानेवारी रोजी ज्याचा पत्ता त्या गावात असेल त्याच्यावर तो बसतो. पगारातून तो जूनपासून पुढील मे महिन्यापर्यंत बारा हप्त्यांत कापला जातो. याचा परिणाम असा की, जुलैअखेर निघालेल्या माणसाचे एक-दोन हप्तेच भरलेले असतात आणि उरलेली सारी रक्कम एकदम भरावी लागते किंवा ती भरण्यासाठी जपानमध्ये राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. उलटपक्षी, जानेवारी ते जुलै या काळातील शेवटच्या उत्पन्नावर हा कर बसत नाही. कारण पुढील १ जानेवारीला तो शिक्षक जपानचा रहिवासी नसतो. पहिल्या वर्षी जे भरावे लागले नाही ते शेवटी भरावे लागते, असा हा हिशेब आहे.

निवृत्तिवेतनाच्या निधीतील वर्गणीचे मात्र याच्या उलट आहे. तेथे पैसे परत मिळू शकतात. किमान सहा महिने वर्गणी भरलेल्या आणि निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त न झालेल्या परकीय नागरिकाला देश सोडल्यावर एकरकमी परताव्याची मागणी करता येते. जपानमधील पत्ता संपल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. परतावा मोजताना किती वर्षांची वर्गणी विचारात घ्यावयाची याची कमाल मर्यादा एप्रिल २०२१ मध्ये तीनवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. नोकरदारांच्या निधीतून मिळणाऱ्या रकमेतून २०.४२ टक्के प्राप्तिकर कापला जातो. तो परत मागण्यासाठीही जपानमधील करप्रतिनिधी आवश्यक असतो आणि हे काम बहुधा एखादा सहकारी किंवा मित्र पत्करतो. कोणाला तरी अशी विनंती करणे हीदेखील एक कसोटीच. कारण ज्याच्याशी केवळ नमस्कारापुरता संबंध होता त्याला ती करता येत नाही.

यात एक बाब विचारपूर्वक ठरविण्यासारखी आहे. एकदा परतावा घेतला की तेवढ्या वर्षांची नोंद पुसली जाते. ज्यांच्या देशाशी जपानचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे आणि त्यात दोन्हीकडील वर्षे एकत्र मोजण्याची सोय आहे, त्यांनी हातात येणारे पैसे आणि म्हातारपणीचा हक्क यांची तुलना करूनच अर्ज करावा. भारत आणि जपान यांच्यामधील असा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अंमलात आला आहे. जपानी विद्यापीठांत हिंदी व इतर भारतीय भाषा शिकविण्यासाठी जाणाऱ्या अध्यापकांच्या, तसेच तेथे नोकरी करणाऱ्या इतर भारतीयांच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे.

घर रिकामे करणे

घर सोडण्याची सूचना करारात ठरल्याप्रमाणे, बहुधा किमान महिनाभर आधी द्यावी लागते. भाड्याने घर घेताना जपानमध्ये दोन प्रकारच्या रकमा घेण्याची चाल आहे. एक ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत, आणि दुसरी ‘रेइकिन’, जी आपल्याकडील पागडीप्रमाणे परत मिळत नाही. घर सोडताना घरमालकाचा माणूस येऊन भिंती, दारे आणि ताताम्या, म्हणजे भाताच्या काडाच्या जाड चटया, तपासतो आणि दुरुस्तीचा खर्च अनामतीतून वजा करतो. म्हणून शेवटचे दिवस पुष्कळदा भिंती पुसण्यात आणि स्वयंपाकघरातील तेलकट थर खरवडण्यात जातात.

याहून बिकट प्रश्न टाकाऊ वस्तूंचा असतो. जपानमध्ये कचरा प्रकारांनुसार वेगळा करून ठराविक वारी ठराविक जागी ठेवावा लागतो. पलंग, कपाट, सायकल अशा अवजड वस्तूंसाठी आधी दिवस मुक्रर करून घ्यावा लागतो आणि पुष्कळ गावांत दुकानातून शुल्काची चिठ्ठी विकत घेऊन ती वस्तूवर चिकटवावी लागते. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाईयंत्र आणि वातानुकूलक यांना एप्रिल २००१ पासून वेगळा कायदा लागू आहे. ती टाकून देण्यासाठी पुनर्वापराचे शुल्क भरावे लागते. वस्तू विकत घेताना पैसे लागतात हे सर्वांना ठाऊक असते; ती टाकतानाही लागतात, हे परदेशी माणसाला शेवटच्या महिन्यात कळते.

त्यामुळे निघणारे लोक आपले सामान अल्प किमतीत विकतात किंवा नुसतेच देऊन टाकतात. शाळेने दिलेल्या घरात मात्र बहुधा पुढचा शिक्षक येणार असतो. अशा वेळी गाद्या, भांडी, पंखा आणि सायकल त्याच्यासाठी तशीच ठेवली जातात. यातील काही भांडी आधीच्या शिक्षकाची, काही त्याच्याही आधीच्या शिक्षकाची असतात.

निरोपाची रीत

जपानी माणसे निरोपाला सरावलेली आहेत, ही गोष्ट परदेशी शिक्षकाला येथे राहिल्यावरच समजते. सार्वजनिक शाळांतील शिक्षकांची दर काही वर्षांनी बदली होते. बदल्यांच्या याद्या मार्चअखेर जाहीर होतात आणि त्या सुमारास प्रत्येक शाळेत जाणाऱ्या शिक्षकांचा निरोप समारंभ होतो. तेव्हा जाण्याचे एक ठरलेले शास्त्र तयार झाले आहे. परदेशी शिक्षक एकटाच, भर उन्हाळ्यात जातो. पण त्याला लागू होते ते हेच शास्त्र.

सत्रसमाप्तीच्या दिवशी सारी शाळा व्यायामशाळेच्या प्रशस्त दालनात जमते. मुख्याध्यापक शिक्षकाच्या कार्याचा उल्लेख करतात, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी भाषण वाचतो, पुष्पगुच्छ देतो, आणि मग शिक्षकाला बोलावे लागते. हे भाषण जपानीत करण्याचा बहुतेकांचा प्रयत्न असतो. ते कोणा सहकाऱ्याकडून तपासून घेतलेले असते, रात्री घोकलेले असते. ‘ओसेवा नि नारिमाशिता’, आपण माझा सांभाळ केलात, हे वाक्य त्यात हमखास येते. ते केवळ औपचारिक आहे असे प्रथम वाटते. परंतु ज्याला पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेले, बँकेत नेले, कचऱ्याचे वेळापत्रक समजावून दिले, त्याच्या तोंडी ते अक्षरशः खरे असते.

मुले एका चौकोनी जाड कागदावर मध्यभागी शिक्षकाचे नाव लिहून भोवती, सूर्याच्या किरणांसारखे, आपापले संदेश लिहितात. या प्रथेला ‘योसेगाकी’ म्हणतात. कधी कागदाचे हजार बगळे दोऱ्यात ओवून दिले जातात. काही ठिकाणी ‘काजव्यांचा प्रकाश’ या अर्थाच्या नावाचे गीत गायले जाते. १८८१ च्या शालेय गीतसंग्रहातील या गीताची चाल मूळची स्कॉटलंडमधली आहे. तो संग्रह तयार करण्याच्या कामात बोस्टनहून आलेले संगीतशिक्षक ल्यूथर व्हायटिंग मेसन यांचा वाटा होता. मेसन १८८२ मध्येच मायदेशी गेले. त्यांच्या काळात रुजलेली ती चाल मात्र आज जपानी माणसाला आपलीच वाटते.

सहकाऱ्यांचा निरोप संध्याकाळी, भोजनाच्या वेळी असतो. या ‘सोबेत्सुकाई’त निघणारा माणूस बाटली हाती घेऊन प्रत्येकाच्या आसनापाशी जातो, त्याचा पेला भरतो आणि दोन शब्द बोलतो. वर्षभर शिक्षककक्षात शेजारी बसूनही जे कधी बोलले नाहीत, असे वयोवृद्ध शिक्षक या वेळी बोलू लागतात, कधी कधी चक्क इंग्रजीत. काही सहकारी लिफाफ्यातून निरोपाची रक्कम, ‘सेनबेत्सु’, देतात. तिची तेवढ्याच किमतीची परतभेट अपेक्षित नसते. मुक्कामी पोचल्यावर आभाराचे पत्र मात्र यावे, अशी रीत आहे. जाणाऱ्याने आपल्या बाजूने शिक्षककक्षात मिठाईचा डबा ठेवावयाचा असतो, आणि त्यातील प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असावा लागतो, म्हणजे गैरहजर असलेल्याच्या मेजावरही एक ठेवता येतो.

मागे उरते ते

या साऱ्या धावपळीत एक काम बहुधा शेवटच्या रात्रीपर्यंत राहून जाते. ते म्हणजे येणाऱ्या शिक्षकासाठी पत्र लिहिणे. पुष्कळदा दोघांची भेट होत नाही. एक गेल्यावर दुसरा येतो. गॅसची शेगडी कशी पेटवावी, कोणत्या वारी कोणता कचरा, कोणती बस चुकवू नये, हे पत्रात असतेच. पण खरे मोलाचे असते ते पुढचे: कोणता विद्यार्थी बोलत नाही परंतु सगळे समजतो, कोणत्या वर्गात खेळ घ्यावा, कोणत्या शिक्षकाचा अबोलपणा रागाचा नसून संकोचाचा आहे. ही माहिती कोणत्याही दप्तरात नसते. ती लिहिली नाही तर नव्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्याची झळ लागते ती मुलांना. कारण शिक्षक दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, पण मुलांचे बालपण एकच असते.

विमानतळावर प्रवेश-नियंत्रण अधिकारी निवासाचे ओळखपत्र मागून घेतो. ते रद्द झाल्याची खूण म्हणून त्याला भोक पाडतात आणि आठवण म्हणून ते परतही देतात. या क्षणी कायद्याच्या दृष्टीने त्याचे तेथील वास्तव्य संपते.

‘सायोनारा’ हा जपानी शब्द भारतातही पुष्कळांना माहीत आहे. ‘तसेच असेल तर’ असा त्याचा मूळ अर्थ. जपानी माणसे रोजच्या व्यवहारात तो क्वचितच वापरतात. घरातून बाहेर पडताना ती ‘इत्ते किमासु’, म्हणजे अगदी मराठीतल्याप्रमाणे ‘जाऊन येतो’, असे म्हणतात, आणि घरातली माणसे ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’, असे उत्तर देतात. पोचवायला आलेल्या सहकाऱ्यांपैकी कोणी परदेशी शिक्षकाला ‘सायोनारा’ न म्हणता ‘इत्तेराश्शाइ’ म्हटले, तर त्याने तो शब्द नीट ऐकावा. हा निरोप पाहुण्याला देत नाहीत. तो घरच्या माणसाला देतात.